परचित्तज्ञान : मनातले ओळखणारे महाराज आणि नाथांचा पंधरावा अध्याय

चकलांबा येथील अखंड हरिनाम सप्ताहात दुपारच्या प्रवचनाची सेवा आमच्याकडे होती. नेम एकनाथी भागवताचा. चौथ्या दिवशी पंधरावा अध्याय निघाला. हा अध्याय सिद्धींचा. खरे सांगावयाचे तर आम्ही प्रवचनकार मंडळी ह्या अध्यायात फार रेंगाळत नाही. अणिमा, महिमा, लघिमा ही नावे भराभर घ्यावयाची, सिद्धी ह्या परमार्थात विघ्न आहेत असे एक वाक्य टाकावयाचे आणि पुढे सरकावयाचे, असा परिपाठ पडला आहे. आम्हीही तेच करीत होतो. तोच बायकांच्या बाजूने पुढे बसलेल्या एका मावशींनी पदराआडून मोबाईल काढला आणि तो उंच धरून म्हणाल्या, "महाराज, ह्यात बघा. ह्ये बाबा माणूस बोलायच्या आधीच कागदावर त्याचं नाव, गाव, दुखणं लिहून काढत्यात. तुमी एवढी वर्सं पोथी सांगता, मग तुमाला का येत न्हाई?"

मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "मावशी, आम्हाला आमच्याच मनातलं धड कळत नाही, दुसऱ्याचं कुठून कळणार!" लोकांनी टाळ्या वाजविल्या. मावशी खाली बसल्या. पोथी पुढे चालू झाली.

रात्री हरिकीर्तन आटोपल्यावर विणेकऱ्यांनी आम्हाला पारावर बाजूला बसवून सांगितले ते असे. मावशींचे कुटुंब ऊसतोडीला जाते. दोन हंगामांपूर्वी त्यांचा पंचविशीतला मुलगा फडावरून जो निघून गेला तो परत आला नाही. कारखान्याच्या गावी शोधले, मुकादमाने चार ठिकाणी फोन केले, पुढे सगळे थंडावले. नंतर कोणी सांगितले की अमुक जिल्ह्यात एक महाराज आहेत, ते न विचारता सगळे सांगतात. (हे महाराज मोबाईलवरचे नव्हेत, आणि त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही.) मावशी गेल्या. महाराजांनी त्यांना म्हणे समोर येताच "लेकरासाठी आलीस" असे सांगितले. मुलगा जिवंत आहे, उत्तरेकडे आहे, त्याला कोणी तरी बांधून ठेवला आहे, पाच अमावास्या ये. तीन अमावास्या झाल्या होत्या. खर्च उचलीच्या पैशातून. उचल म्हणजे काय हे आमच्या बीड जिल्ह्यात सांगावे लागत नाही; अजून न तोडलेल्या उसाचे ते पैसे, आणि ते अंगाने फेडावयाचे असतात.

म्हणजे मावशींनी आमची परीक्षा घेण्यासाठी विचारले नव्हते. उरलेल्या दोन अमावास्या कराव्यात की नाही, हे त्या विचारीत होत्या. आणि आम्ही टाळ्या घेतल्या. त्या दिवशी जे उत्तर द्यावयास हवे होते ते आज ह्या पाठाच्या निमित्ताने देत आहोत.

प्रथम अध्याय पाहू. उद्धव भगवंताला विचारतो की सिद्धी किती, त्या कशा मिळतात. भगवंत मोजून अठरा सांगतात. त्यांतल्या आठ मुख्य, त्या भगवंताच्या ठायी नांदणाऱ्या. दहा सत्त्वगुणाच्या उत्कर्षाने येणाऱ्या. त्यानंतर आणखी पाच सांगितल्या आहेत, आणि ह्या पाचांना क्षुद्र सिद्धी म्हणण्याचा प्रघात आहे. भूत, भविष्य, वर्तमान जाणणे. थंडी-ऊन, सुखदुःख ह्यांची बाधा न होणे. दुसऱ्याच्या चित्तातले ओळखणे. अग्नी, सूर्य, पाणी, विष ह्यांचा जोर थांबविणे. आणि कोणाकडून न हरणे. वाचकांनी ध्यानात घ्यावे की 'परचित्ताभिज्ञता', म्हणजे मनातले ओळखणे, ज्यासाठी आज लाखांचे मंडप पडतात, ती भागवताने कोठे बसविली आहे. मुख्य आठांत नाही, मधल्या दहांत नाही. शेवटच्या पाचांत.

पुढे अध्याय संपत आला की भगवंत स्पष्ट सांगतात, जो उत्तम योगाने माझ्याकडे निघाला आहे त्याला ह्या सर्व सिद्धी अडथळा आहेत, आणि त्यांच्यापायी वेळ फुकट जातो. वेळ फुकट जातो! सिद्धी खोट्या आहेत असे येथे म्हटलेले नाही, त्या पाप आहेत असेही नाही. पंढरीच्या वाटेवर निघालेला माणूस रस्त्याकडेच्या जत्रेत रमला तर जे होईल तेच. योगशास्त्रातही असेच आहे. पतंजलींच्या सूत्रांत तिसरा पाद सगळा विभूतींचा आहे, त्यात दुसऱ्याच्या चित्ताचे ज्ञान सांगितले आहे. आणि त्याच पादात असेही सांगितले आहे की समाधीच्या दृष्टीने ह्या गोष्टी उपसर्ग आहेत, बाहेर वळलेल्या मनाला तेवढ्या त्या सिद्धी वाटतात. नाथांनी एकादश स्कंधावरची ही टीका पैठणास आरंभिली आणि शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये काशीस पुरी केली. पैठण आमच्या गेवराई तालुक्याला गोदावरीच्या पलीकडे. काशीच्या पंडितांपुढे मान्य झालेला हा ग्रंथ आमच्या गावोगावच्या सप्ताहांत वाचला जातो, आणि त्यातला पंधरावा अध्याय आम्ही घाईने उरकतो. ही चूक आमची.

पण नुसते 'सिद्धी विघ्न आहेत' म्हणून मावशींचे समाधान होणार नाही. त्यांचा प्रश्न सरळ आहे. त्या माणसाने न सांगता ओळखले, ते कसे?

ह्याचे उत्तर शोधावयास फार दूर जावयास नको. आमच्या लहानपणी सुगीनंतर नंदीबैलवाले येत. झूल घातलेला बैल, कपाळाला कवड्या, आणि ढोलक्याचा गुबुगुबु आवाज. 'यंदा पाऊस पडेल का?' बैल मान हलवी. 'ह्या मालकाच्या मनातलं काम होईल का?' बैल पुन्हा मान हलवी. घरातली म्हातारी सूपभर जोंधळे घाली. बैलाला काय ठाऊक होते? दोरीची ओढ आणि ढोलक्याचा आवाज. हे सगळ्यांना कळत होते तरी करमणूक कमी होत नसे.

बाजारच्या दिवशी मदारी येई. तो एका पोराला जमिनीवर आडवे करून वर काळे कापड टाकी, आणि गर्दीत हिंडून विचारी, "जमुरे, ह्या पाव्हण्यांच्या हातात काय?" कापडाखालून आवाज येई, "घड्याळ!" "कोणत्या रंगाचा पटका?" "लाल!" लोक थक्क. ह्यातले मर्म प्रश्नाच्या शब्दांत असते. समजा, 'चटकन सांग' म्हटले तर घड्याळ, 'नीट सांग' म्हटले तर अंगठी, 'बोल बोल' म्हटले तर चष्मा, असे गुरुचेल्यांनी आधी ठरविलेले असते. पोराला कापडाखालून दिसण्याची जरुरी नाही, फक्त ऐकू आले पाहिजे. ही विद्या आमच्या बाजारातलीच आहे असेही नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या रंगमंचावर गेल्या शतकाच्या आरंभी ज्युलियस आणि अॅग्नेस झान्सिग हे नवराबायको हाच खेळ फार मोठ्या सफाईने करीत. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे कॉनन डॉयल हे इतके चतुर गृहस्थ, पण त्यांनाही वाटले की ही खरोखर मनाने मनाशी बोलणारी माणसे आहेत. पुढे १९२४ मध्ये ज्युलियसने स्वतःच आपली सांकेतिक बोली छापून उघड केली. तेव्हा मावशी फसल्या म्हणून त्यांना कोणी अडाणी म्हणू नये. होम्सचा जनकसुद्धा फसला आहे.

ही झाली साथीदाराची रीत. दुसरी रीत साथीदारावाचून चालते. समोरच्या माणसाचे वय, कपडे, हातावरचे घट्टे, बरोबर कोण आले आहे, डोळे रडून सुजले आहेत काय, हे पाहावयाचे आणि जे बहुतेकांना लागू पडते असे काही तरी ठामपणे बोलावयाचे. पन्नाशीची बाई, हाताला कोयत्याचे घट्टे, एकटी, दुसऱ्या जिल्ह्यातून गाडीभाडे खर्चून आलेली. 'लेकरासाठी आलीस' हे म्हणावयास सिद्धी कशाला हवी? आई एवढ्या लांब आणखी कोणासाठी येते? ते चुकले असते तर 'म्हणजे घरातल्यासाठी' असे वळविता आले असते, आणि बाईने घरी जाऊन बरोबर आलेले तेवढेच सांगितले असते. चुकलेले आपण विसरतो. ही मनाची खोडच आहे.

ह्या खोडीचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेत बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. हे तुला किती जुळते, पाचपैकी गुण दे, असे सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६. मग त्याने उघड केले की सर्वांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली बरीचशी वाक्ये फुटपाथवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. 'तुम्ही बाहेरून खंबीर दिसता पण आत काळजी करता' असले वाक्य कोणाला लागू पडत नाही? वाचकांनी आपल्या घरात करून पाहावे.

तिसरी रीत सर्वांत वाईट. माहिती आधीच काढून ठेवावयाची. रांगेत नाव लिहून घेणारा, चहा पाजणारा, 'कुठून आलात, कशासाठी' म्हणून मायेने विचारणारा. आता तर लोक आपले घरदार, लग्नकार्य, आजारपण सगळे स्वतःच फोटोसह मोबाईलवर टाकीत असतात, तेव्हा ते कामही सोपे झाले. अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचा एक ख्रिस्ती प्रचारक टीव्हीवर सभा घेई. हजारोंच्या गर्दीतून नाव घेऊन माणसाला उठवी, त्याचा पत्ता आणि दुखणे सांगे आणि बरे केल्याचे जाहीर करी. १९८६ मध्ये जेम्स रँडी ह्या जादूगाराने आपल्या माणसांकरवी सभागृहात बिनतारी यंत्र नेऊन हवेतले आवाज पकडले. ३९.१७ मेगाहर्ट्झ ह्या लहरीवर पोपॉफची बायको नवऱ्याच्या कानातल्या यंत्रात बोलत होती. सभेपूर्वी लोकांनी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या कागदांवरून ती नावे वाचून दाखवीत होती. ही ध्वनिफीत टीव्हीवरील एका लोकप्रिय करमणुकीच्या कार्यक्रमात ऐकविली गेली. पुढल्या वर्षी पोपॉफने दिवाळे जाहीर केले. आणि त्यानंतर? काही वर्षांनी तो पुन्हा टीव्हीवर आला आणि लोक पुन्हा पैसे पाठवू लागले. एकदा उघडे पाडले की संपले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच रँडीने सिद्धी असलेल्यांना आव्हान दिले होते, १९६४ मध्ये १००० डॉलरांचे. वाढत वाढत १९९६ मध्ये ते दहा लाख डॉलरांपर्यंत गेले. २०१५ मध्ये ते बंद झाले तोवर हजाराहून अधिक लोक पुढे आले, पण प्राथमिक चाचणीसुद्धा कोणी पार केली नाही. आपल्या पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची अशीच चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० जन्मपत्रिका जमविल्या, त्यांतल्या चाळीस चाळीस ज्योतिषांकडे पाठवून कोणती कोणाची हे ओळखावयास सांगितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली, ती सरासरी शंभरात ४६ बरोबर होती. नाणे उडविले असते तरी ५० आली असती.

आता नागपूरच्या प्रकरणाकडे येऊ, कारण मावशींच्या मोबाईलमधली फीत तिकडचीच होती. मध्यप्रदेशात छतरपूर जिल्ह्यातल्या गढा गावी बागेश्वर धाम म्हणून हनुमंताचे स्थान आहे. तेथील धीरेंद्रकृष्ण शास्त्री ह्यांची कथा जानेवारी २०२३ मध्ये नागपुरास रेशीमबागेत झाली. कथेबरोबर त्यांचा 'दिव्य दरबार' भरतो. गर्दीतून एखाद्याला बोलवावयाचे आणि तो येण्यापूर्वीच त्याची अडचण कागदावर लिहून ठेवलेली दाखवावयाची, ही त्या दरबाराची प्रसिद्धी. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव ह्यांनी आव्हान दिले की आम्ही आणलेल्या अनोळखी माणसांची माहिती आमच्या अटींवर ओळखून दाखवा, ३० लाख रुपये देऊ. शास्त्रींनी रायपूरच्या दरबारात या म्हणून उत्तर दिले. मानव म्हणाले, परीक्षा नागपुरातच, दरबारात नव्हे. परीक्षा काही झाली नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पोलिसांनी ध्वनिचित्रफिती पाहून गुन्हा होत नाही असे सांगितले. शास्त्रींचे म्हणणे असे की मी चमत्कारी नाही, जे घडते ती बालाजींची कृपा. दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस दिवस देशभर धुरळा उडाला. टीव्हीवाल्यांना एवढा विषय पुरे झाला.

ह्या धुरळ्यात एक गोष्ट आमच्या मते सर्वांत मोलाची घडली, आणि ती कोणा शास्त्र्याने किंवा समितीने केली नाही. सुहानी शाह नावाची एक तरुण जादूगार आहे. वयाच्या सातव्या वर्षापासून रंगमंचावर खेळ करणारी. त्या दिवसांत वृत्तवाहिन्यांनी तिला बोलाविले. तिने बातम्या देणाऱ्यांच्याच मनातली नावे, त्यांच्या जवळच्या माणसांची नावे ओळखून दाखविली. बातम्या देणारे अवाक्. आणि ती सरळ म्हणाली, ही कला आहे, ह्यात दैवी काही नाही, मी शिकले आहे, शिकल्यास येते.

आमच्या मनात तेव्हापासून हेच घोळते आहे. एकच कृती. एक म्हणते ही माझी कला, तिकीट काढा, टाळ्या वाजवा, घरी जा. दुसरीकडे तीच देवाच्या नावाने दाखविली जाते. पहिल्यात फसवणूक कबूल करून घेतलेली असते, म्हणून ती फसवणूक राहत नाही. नंदीबैलवाल्याने सूपभर जोंधळे नेले म्हणून कोणाचे घर बसले नाही. दुसऱ्यात माणसाची गरज जितकी मोठी तितकी त्याची पारख कमी. पुण्याचे जादूगार रघुवीर गावोगाव खेळ करीत, लोक तोंडात बोट घालीत, पण हरवलेले पोर सांगा म्हणून कोणी त्यांच्या पायावर डोके ठेवीत नसे. कारण पाटीवर 'जादूचे प्रयोग' असे लिहिलेले असे.

येथे आमचे काही वारकरी बंधू भुवया चढवितील. म्हणतील, महाराज, तुम्ही समितीवाल्यांच्या कळपात शिरलात. उद्या तुम्ही माउलींनी रेड्यामुखी वेद बोलविले तेही नाकारणार काय? ही शंका खरी आहे आणि आम्ही ती टाळीत नाही. नरेंद्र दाभोळकर अनेक वर्षे जादूटोणाविरोधी कायदा मागत होते, तेव्हा आपल्या संप्रदायातल्या कित्येकांनी त्याला विरोध केला. वारी बंद पडेल, कीर्तनावर गुन्हे होतील, अशी भीती सांगितली गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोळकरांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. तो आम्ही वाचला आहे, बंधूंनीही वाचावा. प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन ह्यांना हा कायदा लागू नाही असे त्यात लिहिलेले आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, छापणे ह्यालाही नाही. गुन्हा कशाला म्हटले आहे? तथाकथित चमत्कार करून दाखवून त्यावर पैसे मिळविणे, आणि त्या चमत्कारांच्या प्रचाराने लोकांना फसविणे, ठकविणे, धाक घालणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे जी भीती घातली गेली तिच्या नेमकी उलट रेघ कायद्याने आखली आहे. त्या वेळी आम्ही स्वतः विरोधाच्या एका सभेस जाऊन बसलो होतो, मसुदा न वाचता. असो.

राहिली रेड्याची गोष्ट. ती घडली की नाही हा श्रद्धेचा भाग आहे, आम्ही येथे त्याचा निवाडा करीत नाही. पण ती कोणत्या प्रसंगाची आहे हे तरी नीट सांगावे. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना वाळीत टाकले ती भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी आहेत. 'सर्वांभूती एकच आत्मा म्हणतोस, मग रेड्यातही तोच काय?' अशी टवाळी होते. त्या टवाळीला ते उत्तर आहे. त्यापुढे रांग लागली नाही, दक्षिणेची पावती फाडली गेली नाही, पुढच्या अमावास्येस रेड्याचा दरबार भरला नाही.

आणि चांगदेवांची कथा तर जणू ह्याच प्रश्नासाठी ठेवलेली आहे. चौदाशे वर्षे काळाला चुकविलेला योगी, वाघावर बसणारा, हाती सापाचा चाबूक. सिद्धी म्हणाल तर सगळ्या. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहावयास बसला, आणि मायना काय घालावा हेच कळेना! 'चिरंजीव' लिहावे तर ज्ञानाने मोठे, 'तीर्थरूप' लिहावे तर वयाने पोर. शेवटी कोरा कागद पाठविला. तिन्ही काळ जाणणाऱ्याला पत्राचा मायना सुचला नाही. त्या कोऱ्या कागदाला माउलींनी पासष्ट ओव्यांनी उत्तर दिले, तीच चांगदेव पासष्टी. आणि पुढे त्या योग्याला गुरू मिळाली ती चिमुरडी मुक्ताई. भिंत चालल्याचे आम्ही कीर्तनात अर्धा तास रंगवितो आणि पासष्ट ओव्या पाच मिनिटांत आटोपतो. महिपतीबोवांनी भक्तविजयात चमत्कार लिहिले, पण आम्ही त्यांतले तेवढेच उचलले. ऐकणाऱ्याला मग वाटणारच की ज्याला भिंत चालविता येते तो मोठा, आणि आज जो काही चालवून दाखवील तो त्याच परंपरेतला. मावशींना तसे वाटले ह्यात त्यांचा दोष किती आणि आमचा किती?

त्याच जानेवारीच्या अखेरीस शास्त्रींची दुसरी एक फीत महाराष्ट्रात फिरली. त्यात त्यांनी तुकोबारायांच्या पत्नीविषयी, त्या नवऱ्याला मारीत असत अशा अर्थाचे बोल काढले होते. वारकऱ्यांत संताप उसळला, निषेध झाले. शास्त्रींनी शब्द मागे घेतले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते देहूस येऊन दर्शन घेऊन गेले. तो वाद तेथे मिटला असे आम्ही धरतो. पण एक सांगावेसे वाटते. उसाची ती कथा आमचे कीर्तनकारही हशा काढण्यासाठी सांगतातच. तुकोबा वाटेत पोरांना ऊस वाटून एकच कांडे घेऊन घरी येतात, आणि जिजाई तो त्यांच्या पाठीवर हाणते. कोणी विचारतो का की त्या दिवशी घरात चूल पेटली होती काय? दुष्काळ पाहिलेली, उपाशी लेकरांची आई ती. आणि तीच भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढून नवऱ्याला शोधीत जात असे. कोणी लाखांच्या मनातले ओळखो. जिजाईच्या मनातले ओळखावयास डोंगरावरची ती भाकरी आठवली तरी पुरे, आणि ती आम्ही सांगणारेही विसरतो.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी प्रवचनाआधी आम्ही मावशींकडे गेलो. चौथ्या दिवशीच्या हसण्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आवं माउली, समदीच हासली, तुमी येकटेच का!" मग आम्ही विचारले, त्या महाराजांनी मुलाचे नाव सांगितले होते का? नाही, नाव मावशींनीच रांगेतल्या चिठ्ठीवर लिहवून दिले होते. मुलगा कोणत्या कपड्यात गेला हे सांगितले? नाही. त्याच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण आहे ती? नाही. "मग उत्तरेला आहे हे कशावरून?" त्या गप्प राहिल्या. नंतर हळूच म्हणाल्या, "जिता हाय म्हनले ना, माउली. तेवढ्यासाठी जाते मी."

ह्यावर आम्हाला काही बोलता आले नाही. पंधराव्या अध्यायात ह्याचे उत्तर नाही. 'जिवंत आहे' हे दोन शब्द त्या विकत घेत होत्या, आणि ते दुसरे कोणी देत नव्हते. मुलगा हरवल्याची रीतसर नोंदसुद्धा झालेली नव्हती. गावचे म्हणाले, कारखान्याच्या गावी केली असेल. कारखान्याच्या गावचे म्हणाले, त्यांच्या गावी केली असेल. दोन हंगाम असेच गेले.

सहाव्या दिवशी विणेकरी, भजनी मंडळातले दोघे आणि गावातला एक मास्तर मावशींबरोबर पोलीस ठाण्यात गेले आणि हरवल्याची नोंद करून आले. फोटो, उंची, हनुवटीवरची खूण, शेवटचा मोबाईल क्रमांक. टोळीतल्या दोघा जोडीदारांना मास्तरांनी फोन लावले. त्यांतल्या एकाने पहिल्यांदाच सांगितले की जाण्याच्या आदल्या रात्री पोराचे मुकादमाशी उचलीवरून भांडण झाले होते आणि तो घाटाकडे जाणाऱ्या मालगाडीच्या चालकाशी बोलत होता. हे त्याला आजवर कोणी विचारलेच नव्हते. तेही कागदावर घेतले गेले. घाट उत्तरेला नाही, पश्चिमेला आहे.

चौथ्या अमावास्येस मावशी गेल्या नाहीत. पाचव्यास जाणार नाहीत असे काही त्या म्हणालेल्या नाहीत, आणि आम्हीही वचन मागितले नाही. आषाढीला त्या आमच्या दिंडीत होत्या. पिशवीत पोराचा फोटो, मागे मास्तरांनी स्वच्छ अक्षरात नाव आणि चकलांबा, तालुका गेवराई असे लिहून दिलेले. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात हरवलेल्यांची नावे कर्ण्यावरून पुकारीत असतात, अमुक गावची अमुक म्हातारी येथे बसली आहे, तिच्या माणसांनी घेऊन जावे. मावशींनी तो फोटो त्या पुकारणाऱ्यापाशी नेऊन दिला. त्याने नाव दोनदा पुकारले, गावासकट. पोर आले नाही. मावशी एकादशीच्या संध्याकाळपर्यंत त्या कर्ण्याखाली बसून दुसऱ्यांची नावे ऐकत होत्या, आणि एखादी म्हातारी सापडून तिची सून धावत आली की उठून बघत होत्या.